अडखळणारं इंजिन : आधी वही, मग पाना

जुनी गाडी, चालती गाडी – भाग ६

मागच्या भागात बॅटरी आणि अर्थिंगच्या तारा पाहून झाल्या. आज ज्या तक्रारीवर गाडीमालकांचा सर्वांत जास्त पैसा वाया जातो, ती घेऊ. गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, आयडलिंग स्थिर असतं, बाजारात जाऊन आली तर काही त्रास नाही. संध्याकाळी मात्र त्याच गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच घडत नाही, आणि मग झटका देऊन ती पुढे सुटते. गॅरेजमध्ये नेली की दोष दिसत नाही. मेकॅनिक चक्कर मारून येतो, त्यालाही काही सापडत नाही, म्हणून प्लग बदलले जातात. पुढच्या खेपेला कॉइल. त्यानंतर पेट्रोलचा पंप.

या अंदाजपंचे बदलाबदलीला माझा ठाम विरोध आहे, आणि तो केवळ खर्चामुळे नाही. जुन्या गाडीचे अस्सल सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. चांगला चालणारा मूळ भाग काढून बाजारातला हलका भाग बसवला की गाडीत एकाऐवजी दोन दोष होतात, आणि मग कुठला झटका कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

अधूनमधून येणारा दोष त्याच्या वेळेवरून पकडायचा असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी आठवडाभर गाडीत एक वही ठेवा. शेजारी बसलेल्याने लिहायचं, चालवणाऱ्याने नाही. झटका आला तेव्हा इंजिन गार होतं की तापलेलं? वेग किती, गिअर कोणता? पाय नुकताच दाबला होता, की एका जागी स्थिर होता? टाकीत पेट्रोल किती? पाऊस होता का, एसी चालू होता का?

पावसात किंवा दमट हवेतच गाडी मिसिंग करत असेल तर संशय प्लगच्या वायरींवर आणि कॉइलवर. रात्री अंधारात बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर चिरलेल्या जागी निळसर ठिणग्या स्पष्ट दिसतात. तापलेली गाडी धावताधावता बंद पडत असेल आणि गार झाल्यावर आपोआप सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सर आधी पाहा. त्याच्या आतली गुंडाळी तापून तुटते आणि गार झाली की पुन्हा जुळते. लांब चढावर, भरल्या गाडीत, जोर मागितला की दम जात असेल तर फिल्टर आणि पंप. तेव्हा टाकीचं झाकण सैल करूनही पाहावं. आत हवा येण्याची वाट बुजली असेल तर फस्स आवाज येतो आणि गाडी सुधारते.

यापेक्षा फसवा प्रकार एका वाचकांच्या २००५ सालच्या पेट्रोल गाडीत पाहायला मिळाला. त्यांचं पुणे-सातारा नेहमीचं जाणं-येणं. प्लग, कॉइल, पंप, तिन्ही बदलून झालेले. वहीत मात्र एक गोष्ट पुन्हापुन्हा उमटली होती: खंबाटकीचा घाट चढताना एकही झटका नाही, आणि त्याआधी शिरवळच्या सपाटीवर पन्नास-साठच्या वेगाला, हलक्या पायावर, ठेच लागल्यासारखी गाडी अडखळते. पंप कमजोर असता तर नेमकं उलट झालं असतं, कारण घाटातच पेट्रोल जास्त लागतं. म्हणजे दोष इंजिनावरच्या ताणात नव्हता, तो पेडलच्या एका ठरावीक जागेत होता.

ती जागा इंजिनच्या संगणकाला कळवतो तो थ्रॉटल पोझिशन सेन्सर, मेकॅनिकच्या बोलीत टीपीएस. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत त्याच्या आत कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचा छोटा काटा घासत फिरतो. तीन तारा: एकीवर ५ व्होल्ट, दुसरी अर्थ, तिसरीवर सिग्नल. पेडल सोडलेलं असताना सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास. आपण वर्षानुवर्षं एकाच वेगाने गाडी हाकतो, त्यामुळे काटा पट्टीच्या त्याच इवल्या भागावर घासत राहतो आणि पट्टी तिथेच झिजते. काटा त्या झिजलेल्या जागेवर आला की सिग्नल क्षणभर पडतो. संगणकाला वाटतं चालकाने पाय उचलला. तो पेट्रोल कमी करतो, लगेच पुन्हा वाढवतो. तोच आपल्याला झटका म्हणून जाणवतो. आयडलिंगला आणि घाटात दाबलेल्या पायाला काटा पट्टीच्या शाबूत भागावर असतो, म्हणून तिथे सगळं ठीक.

मग डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा का लागला नाही? भारतात ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याची यंत्रणा, नव्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत संगणक मोजक्याच दोषांची नोंद ठेवतो, तीही सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन काही काळ तिथेच राहिला तर. निमिषभर पडून सावरलेला सिग्नल त्याच्या लेखी दोष नसतो. स्कॅनर कोरा आला म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही.

तपासणीसाठी आम्ही काट्याचा जुना मल्टिमीटर घेतला. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, एवढी छोटी घसरण त्यातून निसटते. इंजिन बंद, चावी ऑन, कनेक्टर जागेवरच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने सिग्नलच्या तारेला पिन लावली. थ्रॉटलची केबल हाताने अगदी सावकाश ओढली. काटा सरळ चढत गेला, साधारण एक व्होल्टच्या पुढे गेल्यावर लटपटून खाली आला आणि लगेच सावरला. केबल सोडून पुन्हा ओढली, त्याच जागी तेच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर हलकं ठोकल्यावर तो आणखी थरथरला. मालक शेजारीच उभे होते. त्यांना समजावून सांगायची गरजच उरली नाही.

तरीही सेन्सर बाद ठरवण्याआधी ५ व्होल्टची तार, अर्थ आणि कनेक्टरच्या पिना पाहणं आवश्यक. पिनांवर हिरवी बुरशी असेल किंवा कनेक्टर हलवल्यावर काटा उडत असेल, तर दोष सॉकेटचा असतो आणि साफसफाईत काम भागतं. इथे पिना स्वच्छ होत्या, तारा शाबूत होत्या. सेन्सरच गेला होता.

नवा सेन्सर बसवताना एक काळजी. ज्या सेन्सरच्या स्क्रूंची भोकं लांबट असतात, तो थोडा फिरवून पेडल सोडलेल्या स्थितीतलं व्होल्टेज त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे जुळवावं लागतं; तसाच आवळला तर आयडलिंग बिघडतं. थ्रॉटल बॉडी साफ करताना क्लीनरचा फवारा सेन्सरच्या बाजूला जाऊ देऊ नका. आणि हा भाग भंगार बाजारातून आणू नका. तिथला सेन्सरही कुणाच्या तरी पन्नास-साठच्या वेगाला त्याच जागी झिजलेला असतो.

पुढच्या आठवड्यात पेट्रोलची बाजू: पंपाचा दाब गेज लावून कसा मोजायचा, आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीच्या कोणत्या रबरी नळ्या आधी तपासायच्या.