दिसते, पण ऐकू येत नाही
मार्च 1992 मध्ये सॅन डिएगो येथील इंटरनेट अभियंत्यांच्या बैठकीचा आवाज एमबोन या जाळ्यावरून दूरच्या संगणकांपर्यंत पोहोचला, आणि पुढे युनिक्स वर्कस्टेशनांवर, म्हणजे मुख्यतः संशोधक व अभियंते वापरत त्या शक्तिमान संगणकांवर, ध्वनीसाठी ‘व्हॅट’ व चित्रासाठी ‘व्हिक’ हे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील प्रोग्राम रुळले. दोन्ही कामे अशी वेगळी असल्याने बिघाडाचा माग काढणे सोपे जाई. चित्र हलते पण आवाज नाही, तर संशय आधी ध्वनियंत्रणेवर जाई. युनिक्समध्ये ही यंत्रणा फाइलप्रमाणे उघडली जाते, आणि दुसऱ्या प्रोग्रामने ती अडवून ठेवली असेल, तर ‘फ्यूझर’ ही आज्ञा त्याचा क्रमांक दाखवते. प्रतिध्वनीचे दुखणे अधिक चमत्कारिक असते, कारण स्पीकरचा आवाज ज्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो त्याला काहीच जाणवत नाही आणि त्रास मात्र पलीकडच्याला होतो; त्यावर हेडफोनइतका खात्रीचा उपाय नाही.

सभा इमारतीत व्यवस्थित चालते, पण बाहेर कोणालाच दिसत नाही, हा प्रकार सर्वांत फसवा. माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर ‘टीटीएल’ ही आयुर्मर्यादा असते, प्रत्येक राउटर ती एकाने घटवतो, आणि आकडा 1 ठेवला असल्यास पुडके स्थानिक जाळ्यातच संपते. त्यामुळे केबल तपासत बसण्याआधी हा आकडा पाहणे शहाणपणाचे ठरे. विटलेल्या रंगांचे कारण मात्र पुष्कळदा साधे असे: 256 रंगांच्या पडद्यावर बरेचसे रंग दुसऱ्याच प्रोग्रामने आधी घेतलेले असत.