मूळ हाही एक घातच!

√३ आणि ∛५ यांपैकी मोठी संख्या कोणती? दशांशात किमती न काढता सांगायचे आहे. एक वर्गमूळ, दुसरे घनमूळ. करणींची कोटीच निराळी, तेव्हा तुलना करायची कशी?

‘करणी’ हा शब्द आपल्याकडे फार जुना. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत, दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाच्या बाजूला ‘द्विकरणी’ म्हटले आहे. मूळ चौरसाची बाजू १ असेल, तर द्विकरणी म्हणजेच √२.

आता घातांकांचा नियम आठवा. पाया समान असेल, तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते. ३ चा असा कोणता घात आहे, की जो स्वतःशी गुणला असता ३ येतात? दोन सारख्या घातांकांची बेरीज १ व्हायला हवी. म्हणजे प्रत्येक घातांक १/२. म्हणून √३ म्हणजे ३ चा १/२ वा घात आणि ∛५ म्हणजे ५ चा १/३ वा घात. लायब्निट्सला दाखवण्यासाठी १६७६ साली लिहिलेल्या पत्रात न्यूटनने मुळे अशीच अपूर्णांक घातांकांनी लिहिली होती.

यात सोय काय झाली? करणींचा प्रश्न अपूर्णांकांचा झाला! १/२ = ३/६ आणि १/३ = २/६. घातांक ३/६ म्हणजे आधी घन, मग सहावे मूळ. म्हणून √३ हे २७ चे सहावे मूळ, तर ∛५ हे २५ चे सहावे मूळ. अर्थातच √३ मोठी.

गुणाकारही तितकाच सोपा. √२ × ∛२ मध्ये १/२ + १/३ = ५/६; म्हणून उत्तर ३२ चे सहावे मूळ.

मात्र एक सावधगिरी बाळगा. ∛(−८) = −२. येथे १/३ ऐवजी २/६ घेतले, तर −८ चा वर्ग ६४ आणि ६४ चे सहावे मूळ २. मग −२ = २ काय? मुळीच नाही. वर्ग करताच ऋण चिन्ह नाहीसे झाले आणि मूळ काढताना ते परत आले नाही. म्हणून अपूर्णांक घातांकांना हे नियम लावताना पाया धन हवा. ऋण चिन्ह आधी बाहेर काढा: ∛(−८) = −∛८.

आता तुम्हीच ठरवा: √५ मोठी की ∛११?