सायकी : दगड की लोखंड?

दोस्तांनो, कर्जतला उल्हास नदीच्या काठी मुठीएवढा काळा गोटा उचलून पाहा. मग तेवढाच लोखंडाचा तुकडा हातात घ्या. फरक लगेच कळेल! तेवढ्याच जागेत मावणाऱ्या पाण्यापेक्षा सह्याद्रीचा हा दगड सुमारे तिप्पट जड असतो, तर लोखंड जवळजवळ आठपट. तीन आणि आठ! हे आकडे लक्षात ठेवा बरं का. त्यांच्या मदतीनं आपल्याला एका दूरच्या लघुग्रहाचं गुपित तपासायचं आहे.

त्याचं नाव सायकी. ग्रीक पुराणकथेतल्या राजकन्येचं हे नाव. १७ मार्च १८५२ रोजी इटलीतल्या नेपल्स इथून आनीबाले दे गास्पारिस या खगोलशास्त्रज्ञानं तो शोधला. दुर्बिणीतूनही लघुग्रह ताऱ्यासारखा ठिपकाच दिसतो. मग ओळखायचा कसा? ताऱ्यांची मांडणी रोज तीच राहते, लघुग्रह मात्र त्यांच्यामधून हळूहळू सरकतो. असा सापडलेला हा सोळावा, म्हणून त्याचा क्रमांक १६.

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या पट्ट्यातून सायकी सूर्याभोवती फिरतो. त्याचं वर्ष आपल्या पाच वर्षांएवढं, पण दिवस जेमतेम सव्वाचार तासांचा! आकार बटाट्यासारखा ओबडधोबड. सर्वांत रुंद भागात तो सुमारे २८० किलोमीटर भरतो. कर्जतवरून जाणारा मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा, म्हणजे तो त्यात सहज मावेल.

शास्त्रज्ञांनी सायकीवर रडारच्या लहरी सोडल्या. त्या जोरकसपणे परत आल्या, अगदी धातूवर आपटल्यासारख्या! मग हा लोखंडाचा गोळाच असेल का? पण एवढं लोखंड आलं कुठून?

खालापूर तालुक्यात खोपोलीला पोलादाचे कारखाने आहेत. अशा भट्टीत सगळं वितळलं की हलकी धातुमळी वर तरंगते आणि जड धातू खाली राहतो. ग्रह तयार होताना असंच घडलं. लोखंड बुडून गाभ्यात गेलं. आपल्या पृथ्वीचा लोखंडी गाभा पायाखाली २,९०० किलोमीटरवर आहे. तिथं कोण पोचणार? पण एखाद्या बालग्रहाचं कवच टकरींमध्ये उडून गेलं, तर गाभा उघडा पडेल. सायकी म्हणजे असाच गाभा, असं अनेकांना वाटलं.

मग सायकीचं 'वजन' काढलं. तराजूत नव्हे हं! तो शेजारच्या लघुग्रहांना किती ओढतो, यावरून. उत्तर आलं : पाण्याच्या सुमारे चौपट. तीन नाही आणि आठही नाही! म्हणून आता तो धातू आणि दगड यांचं मिश्रण असावा, असं मानतात. त्यात धातू ३० ते ६० टक्के असू शकेल. मग तो गाभा आहे की आणखीच काही? हा वाद अजून मिटलेला नाही.

तो मिटवायला 'नासा'चं सायकी नावाचंच यान १३ ऑक्टोबर २०२३ रोजी निघालं. २०२९ मध्ये ते तिथं पोचावं, अशी योजना आहे. तेव्हा तुम्ही कितवीत असाल? हिशेब करा, आणि तुमचा अंदाज आजच वहीत लिहून ठेवा : दगड, लोखंड की दोन्ही?

आणि हो, गोटा शोधायला पावसाळ्यात नदीत उतरू नका!