जात्याची घटका

तुमच्या घरी जाते आहे का? असेल तर कुठे आहे? बहुतेक घरी ते कोपऱ्यात पडलेले असते. लग्नाची हळद दळायची असली म्हणजे तेवढे बाहेर काढतात. हळद झाली की पुन्हा कोपऱ्यात.

गावोगाव गिरणी आली हे फार चांगले झाले. पूर्वी बाया पहाटे उठत. आधी दळण, मग पाणी, मग भाकऱ्या, मग शेत. खांदे भरून येत. जाते पुन्हा सुरू करा, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. 'जुने ते सोने' म्हणणाऱ्याने आधी पायलीभर बाजरी दळून दाखवावी!

पण जात्याबरोबर आणखीही एक गोष्ट गेली. पहाटेची ती घटका बाईची होती. सारे घर निजलेले असे. हाताने जाते फिरे नि तोंडाने ओवी चाले. पहिली ओवी देवाला. मग आईबाप, भाऊ, पंढरीची वाट. मग हळूच मनातले बाहेर येई. सासुरवास, लेकीची काळजी, आटलेली विहीर. दिवसा जे बोलायची चोरी, ते जात्याला सांगायचे. जाते काही चहाडी करीत नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉयतवाँ या दोघांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खेडोपाडी जाऊन अशा ओव्या गोळा केल्या. किती असतील? हजाराहून अधिक गावांतून 1 लाखाहून अधिक! बायांच्या पोटात एवढे साठले होते.

दळण गिरणीत गेले. मग मनातले कुठे गेले?

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. गाणाऱ्या म्हणून त्यांचे गावात नाव होते. पण वर्गात त्या गप्प बसत. पाटी हातात, नि मान खाली.

आम्ही विचारले, "मावशी, झोप येते का?"

"झोप न्हाई बाई, डोळ्यांपुढं अंधारी येती. चार पायऱ्या चढलं की धाप लागती."

"आज काय जेवलात?"

"चटणी-भाकर. नि दोन येळा च्या."

"घरात डाळ शिजली नव्हती का?"

"शिजली की! कारभाऱ्यांनी खाल्ली, पोरांनी खाल्ली. माझ्या वाटणीला पातेलं."

त्यांना आम्ही आरोग्य केंद्रात नेले. तिथे बोटाचे रक्त तपासले. रक्त 8 भरले. बाईला ते निदान 12 हवे. ही गोष्ट एकट्या मावशींची नाही, बरं का. 2019 ते 2021 या काळात साऱ्या देशात सरकारी पाहणी झाली. तीत 15 ते 49 वयाच्या दर 100 बायांत 57 जणींचे रक्त कमी निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि आपण म्हणतो, बाई आळशी झाली, बाईला कुणाची नजर लागली!

रक्त तयार व्हायला लोह लागते. ते अन्नातून मिळते. महागाचे टॉनिक आणायलाच हवे असे नाही. 100 ग्रॅम बाजरीत 6 ते 8 मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्याशुभ्र तांदळात 1 मिलिग्रॅमही नसते. मटकी, हरभरा, चवळी यांत लोह आहे. राजगिऱ्याच्या पाल्यात आहे, अळिवात आहे. खाणाऱ्यांच्या घरी कलेजी आणि मासळी आहेच, आणि त्यांतले लोह अंगी लवकर लागते.

पण नुसते पोटात जाऊन भागत नाही. ते अंगी लागले पाहिजे. डाळ-भाजीवर लिंबू पिळा. नाही तर सोबत आवळा खा. कडधान्याला मोड आणा. याने धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा ते लोह अडवून धरतो. तास-दोन तास जाऊ द्या, मग खुशाल प्या.

बाजरीचे एक सांगायचे राहिले. तिचे पीठ लवकर कडू होते. जात्यावर रोजचे रोज दळत, तेव्हा हा प्रश्न नव्हता. आता गिरणीतून एकदम पंधरा दिवसांचे आणू नये. थोडे थोडे दळून आणावे.

रक्त 8 वर आले म्हणजे मात्र नुसत्या भाकरीने भागत नाही. गोळ्या घ्याव्या लागतात. त्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. गरोदर बाईने तर त्या रोज एक, अशा 180 दिवस घ्यायच्या असतात. शौचाला काळे होते, म्हणून पुष्कळ जणी भिऊन गोळ्या टाकून देतात. भिऊ नका. ते लोहाने होते. धाप फार लागली, छातीत दुखले, तर डॉक्टरकडेच जा.

मावशींचे कारभारी आधी रागावले. "मग आम्ही उपाशी ऱ्हावं का?" म्हणाले. आम्ही म्हटले, "दादा, उपाशी कोण म्हणतंय? पातेलं मधे ठेवा नि सगळे एकदम बसा." ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सारे एकदम जेवायला बसले. सगळ्यांच्या वाटीत डाळ थोडी कमी आली, हे खरे आहे. कुणाच्या वाट्याला नुसते पातेले मात्र आले नाही.

त्या घरी आता आणखी एक चाल पडली आहे. ताटे वाढली की लगेच हात घालायचा नाही. आधी दहा श्वास सावकाश घ्यायचे. श्वास सोडताना जास्त वेळ लावायचा. जेवणाआधी श्लोक म्हणायची आपली जुनी रीत आहेच, तिनेही असेच क्षणभर थांबणे होते. श्वास सावकाश झाला की काळजाची धडधड कमी होते. मग घास चावून खाल्ला जातो. पोरे पहिल्या दिवशी फिदीफिदी हसली. आता तीच मोजतात.

तीन महिन्यांनी मावशींचे रक्त 10 च्या वर गेले. 12 अजून झालेले नाही. गोळ्या चालू आहेत. पण वर्गात मान वर असते.

मग आम्ही ओव्यांची गोष्ट काढली. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या गाणी रचत. घरच्या मुलांनी ती उतरून घेतली. 1951 साली बहिणाबाई वारल्या, आणि 1952 साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. हे ऐकून मावशी म्हणाल्या, "मला तर आता लिवता येतंय."

आता रात्री भांडी झाली की त्या घटकाभर ओट्यावर बसतात. मांडीवर वही असते. तेवढा वेळ त्यांना कुणी हाक मारायची नाही, असे घरात ठरले आहे. परवा त्यांनी पहिली ओवी लिहून आणली. ती देवाची नाही, पातेल्याची आहे. 'पातेले' या शब्दातली एक मात्रा राहून गेली होती. ती त्यांनीच दुसऱ्या दिवशी दिली.