कोळसा दाराशी, पाणी उंचावर

वरोऱ्याच्या कोळसा खाणीसाठी एकोणिसाव्या शतकातच वर्ध्याहून लोहमार्ग आला. चंद्रपूरच्या या मुलखात इंजिनाचा कोळसा असा दाराशीच होता. अडे ते पाण्यापाशी.

स्वातंत्र्यानंतर मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूजी या वाफेच्या इंजिनाच्या टेंडरमध्ये, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, सुमारे 18 टन कोळसा आणि 22 हजार लिटरांहून अधिक पाणी मावे. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकली जाई. तिच्या झोताने भट्टीला हवा मिळे खरी, पण ते पाणी कायमचं जाई. म्हणून कोळशाच्या आधी पाणीच संपे आणि मार्गावर जागोजाग ते तयार ठेवावं लागे.

विहिरीवरचा किंवा नदीवरचा पंप तासन्‌तास चालून जे पाणी चढवी, ते इंजिनाला काही मिनिटांतच हवं असे. या दोन वेगांचा मेळ टाकीने घातला. दगडी बांधकामावर किंवा लोखंडी खांबांवर उभ्या टाकीतून पाणी केवळ उंचीच्या जोरावर जाड नळातून फलाटाच्या टोकाशी असलेल्या पाण्याच्या खांबापर्यंत येई. फायरमन टेंडरवर चढून झाकण उघडी, खांबाची सोंड फिरवून तोंडाशी आणी, की झडप उघडली जाई. पाणी क्षारयुक्त असेल तर बॉयलरच्या नळ्यांवर खाराचा थर बसे. उष्णता अडे, कोळसा वाया जाई. त्यामुळे पाणी नुसतं मुबलक असून भागत नसे.

बंगाल-नागपूर रेल्वेच्या गोंदिया–नागभीड–चांदा फोर्ट या अरुंद मार्गावर इंजिनं लहान, तशा त्यांच्या टाक्याही लहान. या मार्गावरचं वडसा आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. तिथून वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी, मग नागभीड. हा मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला, नागपूर–नागभीडची छोटी गाडीही 2019मध्ये थांबली.

वाफेची इंजिनं आता इतिहासजमा झाली. नागपूरच्या मोतीबागेत 2002पासून नॅरोगेज संग्रहालय आहे आणि तिथे जुनी इंजिनं नीट जपली आहेत. मात्र इंजिन हलवता येतं, टाकी नाही. विहीर, पंपघर, नळ आणि खांब यांच्यापासून तोडली की ती नुसतं लोखंड उरते. माथेरानच्या मार्गावर ‘वॉटर पाइप’ नावाचं स्थानकच आहे. तिथे निदान नावाने तरी ही व्यवस्था टिकली. इंग्लंडमधल्या सेटल स्थानकाजवळच्या जुन्या टाकीच्या इमारतीत लोकांनी घर केलं. आपल्याकडे एवढा खटाटोप नको. जी टाकी अजून धड आहे तिच्यातून स्थानकाच्या धुण्या-पुसण्याला, झाडांना पाणी द्यावं. वापर असला की गळती दिसते, गंज खरवडला जातो, रंगाचा हात फिरतो.