दिवसाआड पाणी आणि चांद्रयान

‘नळाला पाणी दिवसाआड, चाकण चौकात रोजचं ट्रॅफिक, आणि आपण निघालो चंद्रावर!’ टपरीवर हे वाक्य पडलं की सगळ्यांच्या माना डोलतात. त्रास खराच आहे. हिशेब चुकलाय.

गैरसमज: चांद्रयानाच्या पैशात इथले प्रश्न सुटले असते.

2023च्या चांद्रयान-3चा खर्च सुमारे 615 कोटी. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा मंजूर झाला तेव्हा जेमतेम 31 किलोमीटरसाठी 11,420 कोटी धरले होते. म्हणजे अख्ख्या चंद्रमोहिमेच्या पैशात मेट्रो पावणेदोन किलोमीटर. पिंपरीत बसलेला माणूस दापोडीलाही पोचायचा नाही. 2023-24च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागाला शंभर रुपयांमागे साधारण 28 पैसे होते.

मग पाणी का नाही? पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर 2019पासून दिवसाआड पाणी येतं. पवना धरणातून थेट बंद जलवाहिनी आणायची योजना त्याआधीची. मावळातल्या शेतकऱ्यांचा तिला विरोध होता. 9 ऑगस्ट 2011ला बऊरजवळ आंदोलकांवर गोळीबार झाला, तिघांचा जीव गेला आणि काम वर्षानुवर्षं थांबलं. गाडं अडलं ते जमिनीवर, पाण्याच्या हक्कावर आणि उडालेल्या विश्वासावर. इस्रोचं कुलूप तोडून त्यातलं काहीच हाती लागलं नसतं.

गैरसमज: पैसा आकाशात जातो.

आकाशात जातं ते यान. पैसा इथंच पगार आणि ऑर्डरींतून फिरतो. चांद्रयान-3 नेणाऱ्या रॉकेटच्या बूस्टरचे मोठे भाग आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनले. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत! वेल्डिंगची एक शिवण चुकली तर काय होतं, हे भोसरीच्या फिटरला वेगळं सांगायला नको.

गैरसमज: आपल्याला काय उपयोग?

3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ कोकणात धडकलं. ते समुद्रावर असतानाच त्याची वाट उपग्रह टिपत होते. आणि नाशिक हायवेने नारायणगावकडे गेलात तर जवळच आर्वी आहे. देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र 1971मध्ये तिथं, शेतांच्या मधोमध उभं राहिलं.

भांडायचंच असेल तर गगनयानावर भांडा. त्या कार्यक्रमाची मंजूर रक्कम 2024मध्ये 20,193 कोटींवर गेली. माणूस वर पाठवून असं काय मिळणार, जे यंत्र पाठवून मिळत नाही? हे टपरीवर कुणी विचारलं, तर मलाही आणखी एक कटिंग मागवावा लागेल.