एका सामन्याचा खेळाडू

विटीदांडू आपण सगळे खेळलो आहोत. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. एकजण चेंडू फेकतो, दुसरा गोल दांडक्यानं टोलावतो. मग चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना शिवत धावायचं. पुरी फेरी झाली की एक धाव. तीन गडी बाद झाले की दुसऱ्या बाजूची पाळी. असे नऊ डाव. मोठ्या संघांतले खेळाडू पगारी असतात.

आर्चिबाल्ड ग्रॅहॅम हा असाच एक पगारी खेळाडू. लोक त्याला 'मूनलाइट', म्हणजे चांदणं, म्हणत. १९०५ साली न्यूयॉर्कच्या जायंट्स संघानं त्याला घेतलं खरं, पण मैदानात उतरवीनात. नुसतं बाकावर बसायचं. शेवटी २९ जूनला ब्रुकलिनमध्ये आठव्या डावात त्याला पाठवलं. तेही चेंडू अडवायला, उजव्या अंगाला लांबवर. नवव्या डावात त्याचा संघ टोलवायला आला. आता पुढची पाळी ग्रॅहॅमची. तेवढ्यात आधीचा गडी बाद झाला. तो तिसरा! पाळी संपली. जायंट्स ११–१ असे जिंकले. मोठ्या स्पर्धेत ग्रॅहॅम पुन्हा कधी उतरला नाही.

आमच्या शाळेत खेळाच्या तासाला असं नेहमी व्हायचं. एखाद्या पोराची पाळी यायची आणि घंटा वाजायची. दिवसभर पोरगं घुम्म.

ग्रॅहॅम लहान संघांतून आणखी तीन वर्षं खेळला. पण तो डॉक्टरीही शिकला होता. पुढे तो उत्तरेकडच्या चिझम गावी गेला. हे गाव लोखंडाच्या खाणींचं. लोक खाणीत राबणारे, देशोदेशींहून आलेले. तिथं तो शाळेचा डॉक्टर झाला आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ राहिला. मुलांना तपासायचं, गरिबांच्या पोरांना फुकट चष्मे द्यायचे, हे त्याचं काम. दंडाला पट्टी बांधून रक्तदाब मोजतात, हे आपण दवाखान्यात पाहतो. ग्रॅहॅमनं शाळेतल्या मुलांचा रक्तदाब वर्षानुवर्षं मोजून लिहून ठेवला. लहान वयात तो किती असतो, यावर इतर डॉक्टरांबरोबर त्याचा लेख १९४५ साली छापून आला. आम्हाला विचाराल तर त्या अकरा धावांपेक्षा ही वही मोठी.

१९६५ साली तो वारला. पुढे एका लेखकाला खेळाडूंच्या जाडजूड नोंदवहीत त्याचं नाव दिसलं. त्यानं ग्रॅहॅमला कादंबरीत घेतलं. १९८९ साली त्या कादंबरीवर सिनेमा निघाला. त्या नोंदवहीत ग्रॅहॅमच्या नावापुढे एवढंच आहे: सामने १, टोलवण्याची पाळी ०.